जुनी कार घेतली आणि ती झटके मारतेय? सगळा दोष ई२०चा नाही

पंचवीस वर्षांपूर्वीची कार स्वस्तात मिळते, फोटो भारी येतात, रीलही चालते. पहिले दोन आठवडे मस्त जातात. मग एका सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते, सिग्नलला गाडी बंद पडते, चढावर झटके मारते. कुणालाही विचारा, हल्ली उत्तर ठरलेलं: "ई२०मुळे." हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं कळलं नाही तर चांगले पार्ट उगाच बदलले जातात, आणि खराब झालेली नळी तशीच राहते.

आधी बातमीचं बघू. ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. २०३०चं लक्ष्य आपण २०२५ मध्येच गाठलं. इथेनॉल नसलेलं पेट्रोलही पंपावर मिळावं, ही याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. पेट्रोलियम मंत्रालय म्हणतं की मायलेज थोडंच घटतं, आणि काही जुन्या गाड्यांमध्ये २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात. हे वाक्य परत वाचा. तुमच्या गाडीतली रबरं आधीच पंचवीस वर्षांची असू शकतात. साखर कारखान्यांना आधार मिळतो, तेलाची आयात घटते, हे मान्य. पण जुन्या गाडीवाल्याला पंपावर निवड नाही आणि रबरांचा खर्च त्याच्याच खिशातून, हे मला पटत नाही.

आता गाडीच्या आत काय होतं ते समजून घेऊ. इंजेक्शनच्या गाडीत इलेक्ट्रिक पंप पेट्रोलला साधारण अडीच ते तीन बार दाबाने पुढे ढकलतो. म्हणजे तुमच्या टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त दाब. इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा, ते गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो. एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते, शुद्ध इथेनॉलला फक्त ९ किलो, ई२०ला साधारण साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन थोडं जास्त द्यावं लागतं. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर असेल तर इंजिन गरम झाल्यावर कॉम्प्युटर हे स्वतःच जुळवून घेतो. थंड असताना मात्र तो जुन्याच हिशोबाने चालतो.

त्यामुळे गाडी फक्त सकाळी त्रास देत असेल तर ई२०वर संशय घ्यायला जागा आहे. गरम झाल्यावर, चढावर, जास्त पेट्रोल लागतं तेव्हाच दम तोडत असेल तर आधी फिल्टर आणि पंप बघा. गाडी बराच काळ उभी असेल तर टाकीत गंज आणि चिकट थर बसलेला असतो. इथेनॉल तो थर सैल करतं आणि सगळा कचरा फिल्टरमध्ये जातो. शिवाय ते पाणी धरून ठेवतं. म्हणून जुनं पेट्रोल काढून टाका, फिल्टर नवा टाका. नवा फिल्टरही लवकर तुंबला तर टाकी उतरवून साफ करावी लागेल.

तोपर्यंत तुम्ही ब्लूटूथ ओबीडी डोंगल कार्टमध्ये टाकलं असेल. थांबा! आपल्याकडे ओबीडीची सक्ती बीएस-४ च्या काळात, २०१० पासून टप्प्याटप्प्याने आली. २००० च्या आसपासची गाडी तुमच्या ॲपशी बहुधा बोलणारच नाही. त्यातल्या काही गाड्यांमध्ये चेक इंजिनचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकून कोड सांगतो. तो कसा चालू करायचा ते त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं. लुकलुकणं मोबाइलवर शूट करा आणि नंतर निवांत मोजा.

फोनशिवायची तपासणीही सोपी आहे. चावी ऑन केल्यावर मागून पंपाचा एक-दोन सेकंद गुणगुणल्यासारखा आवाज येतो का? नसेल तर आधी फ्यूज, रिले, अर्थिंग, मग पंप. आवाज येतोय तरी जोर नाही, तर मेकॅनिकला गेज लावून प्रेशर मोजायला सांगा. व्हॅक्यूमची नळी फाटली असेल तरी फालतू हवा आत जाऊन अगदी असेच झटके बसतात. इंजेक्टर आणि सेन्सर सगळ्यात शेवटी. गॅरेजमध्ये बहुतेक वेळा उलटं होतं, कारण सेन्सर बदलणं हे टाकी उतरवण्यापेक्षा कमी कटकटीचं काम.

पेट्रोलच्या नळीबाबत मात्र अजिबात तडजोड नको. तीन बार दाबाखाली तडा गेला तर पेट्रोल थेंबथेंब गळत नाही, फवारा उडतो, आणि जवळच तापलेला एक्झॉस्ट असतो. कार्ब्युरेटरच्या गाडीची साधी नळी इथे चालत नाही. एसएई जे३०आर९ असं छापलेली इंजेक्शनची नळी मागा. पेट्रोलचा वास येत असेल तर चावीच लावू नका.

जाता जाता, जाहिरातीत लिहितात तसं 'विंटेज' काही नसतं. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली आणि मूळ रूपातली गाडीच विंटेज. तिला व्हीए मालिकेचा नंबर मिळतो आणि ती रोज ऑफिसला नेता येत नाही. इतक्या जुन्या गाड्यांत इंजेक्शन क्वचितच. १९६० च्या दशकाच्या अखेरीस फोक्सवॅगन १६०० मध्ये बॉशचं डी-जेट्रॉनिक आलं होतं, पण त्यात ऑक्सिजन सेन्सरच नाही. तिथे मिश्रण हातानेच जुळवावं लागतं.

गाडी अजून घेतली नसेल तर विकणाऱ्याला विचारा की गाडी किती महिने उभी होती, आणि फिल्टर, नळ्या, पंप शेवटचे कधी बदलले. बिलं मागा. नसतील तर तेवढे पैसे कमी करून मगच टोकन द्या.