वॉरंटीचा शब्द आणि आपला विवेक



वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव येथील आपल्या पेढ्यांवर रोकडवही आणि खातेवही आता बहुधा लॅपटॉपमध्येच असते. दरमहा जीएसटीची विवरणपत्रे भरणाऱ्यांना ११ आणि २० या तारखा चुकवून चालत नाहीत. घरातील मुलामुलींचा अभ्यासही त्याच यंत्रावर होतो. अशा यंत्रात एकच बिघाड वर्षभरात तीनचार वेळा उद्भवला, दर वेळी नागपूरची फेरी घडली आणि अखेरीस ‘हा दोष वॉरंटीत बसत नाही, आपल्या हाताळणीमुळे झाला आहे’ असे उत्तर मिळाले, तर मनस्ताप होणे स्वाभाविक आहे. काही जण अशा वेळी काउंटरवर आवाज चढवतात, तर काही जण ‘कोर्टकचेरी आपल्याला शोभत नाही’ म्हणून मुकाट्याने नवा लॅपटॉप घेतात. या दोन्हींहून वेगळा मार्ग आहे. आजचे विवेचन त्या मार्गाविषयी आहे.

वॉरंटी म्हणजे विक्रीच्या वेळी दिलेला शब्द. तो किती काळ टिकावा याची कल्पना आपल्या परिसराला नवी नाही. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात चरख्यांचे नाना प्रकार पाहावयास मिळतात. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. त्याच्या अटींत चरख्याची किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी, तो वेळच्या वेळी देखभाल केल्यास किमान २० वर्षे चालावा आणि देखभालीचा वार्षिक खर्च किमतीच्या ५ टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असे स्पष्ट लिहिले होते. यंत्र विकत घेणाऱ्याने कोणते प्रश्न विचारावेत, हे त्या अटींतून आजही शिकता येते.

तोच बिघाड पुनःपुन्हा होत असेल, तर दोष वापरणाऱ्याचा नसून रचनेचा असण्याचा संभव असतो. ॲपलच्या काही मॅकबुकमधील ‘बटरफ्लाय’ कीबोर्ड हे याचे प्रसिद्ध उदाहरण. कळा अडकण्याच्या तक्रारी वाढल्यावर कंपनीने जून २०१८ मध्ये ठराविक मॉडेलांसाठी मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली आणि तिची मुदत पहिल्या किरकोळ विक्रीपासून चार वर्षे ठेवली. पुढे अमेरिकेतील सामूहिक दाव्यात २०२२ साली ५ कोटी डॉलर्सची तडजोड झाली. ग्राहकांनी आपापल्या तक्रारींची नोंद ठेवली नसती, तर असा दोष सिद्ध करणे अवघड गेले असते.

म्हणून पहिली गोष्ट कागदांची. लॅपटॉप दुरुस्तीस देण्यापूर्वी पडदा, कडा, चार्जिंगची जागा आणि अनुक्रमांक यांची छायाचित्रे काढावीत. पेढीचा सर्व हिशेब दुसरीकडे उतरवून ठेवावा. कारण वॉरंटी सहसा यंत्राची असते, त्यातील माहितीची नसते. जॉबशीटवर केवळ ‘चालू होत नाही’ एवढेच न लिहिता, ‘हाच दोष तिसऱ्यांदा, यापूर्वी अमुक तारखांना दुरुस्ती’ असे लिहवून घ्यावे व प्रत मागावी. कोणता भाग बदलला, त्या नव्या भागाला किती दिवसांची हमी आहे, हेही लिहून घ्यावे. वॉरंटी नाकारली गेली तर नकार लेखी, कारणासह आणि छायाचित्रासह मागावा. तोंडी नकाराला पुढे काही किंमत राहत नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. सदोष वस्तूची दुरुस्ती, बदली, किंमत परत आणि नुकसानभरपाई असे आदेश आयोग देऊ शकतो. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल, तर वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवता येते. पाळण्याचा संभवच नसलेले दुरुस्तीचे वा बदलीचे आश्वासन देणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली जाते. तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येत असल्याने कंपनीचे कार्यालय बंगळूरला असले तरी वर्ध्यात दाद मागता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीस तक्रार शुल्क नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. आधी विक्रेता व कंपनी या दोघांना लेखी नोटीस द्यावी, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक वापरावा. पुष्कळ प्रकरणे आयोगाची पायरी चढण्यापूर्वीच मिटू शकतात.

व्यापारी कुटुंबांनी येथे एक बाब विशेष ध्यानात घ्यावी. व्यापारी प्रयोजनासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार या कायद्याच्या व्याख्येत ‘ग्राहक’ ठरत नाही. स्वयंरोजगारातून केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी वस्तू घेणाऱ्याला मात्र सवलत आहे. ‘लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स’ प्रकरणात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय प्रत्येक प्रकरणाच्या वस्तुस्थितीवरून करावयाचा असल्याचे सांगितले. पेढीच्या नावे बिल करून करसवलत घेतलेल्या लॅपटॉपबाबत प्रतिपक्ष हाच आक्षेप घेऊ शकतो. आक्षेप मान्य झाल्यास दिवाणी न्यायालयाचा लांबचा मार्ग उरतो. म्हणून मुलीच्या शिक्षणासाठी घेतलेला लॅपटॉप तिच्या किंवा पालकांच्या नावेच घ्यावा. थोड्या कराच्या लाभासाठी तो पेढीच्या खात्यात घालणे व्यवहारानेही योग्य नाही आणि सत्यानेही नाही.

आपल्यापैकी कित्येक जण स्वतः विक्रेतेही आहेत. ‘आम्ही फक्त विकले, पुढचे कंपनीकडे पाहा’ हे वाक्य आपल्या दुकानातूनही उच्चारले जाते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अणुव्रतांचे अतिचार सांगितले आहेत. सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणे, आणि न्यासापहार, म्हणजे विश्वासाने ठेवलेल्या वस्तूबाबत लबाडी करणे, हे दोन येतात. अचौर्याणुव्रतात प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे अस्सल म्हणून नक्कल देणे, येतो. न पडलेल्या यंत्रावर ‘ग्राहकाकडून नुकसान’ असा शेरा मारणे, दुरुस्तीस आलेल्या यंत्रातील चांगला भाग काढून घेणे, जुना भाग नवा म्हणून बसवणे या कृती या अतिचारांत मोडतात, यात शंका नाही. ग्राहकालाही हीच कसोटी लागू आहे. चहा सांडला असताना ‘आपोआप बंद पडला’ असे सांगून वॉरंटी मागणे हा असत्याचाच प्रकार होय.

राहिला प्रश्न क्षमेचा. पर्युषणात आपण सर्व जीवांची क्षमा मागतो आणि सर्वांना क्षमा करतो. तेथे वैरभावाचा त्याग अपेक्षित आहे. रास्त मागणीचा त्याग त्यातून ओघाने येत नाही. काउंटरवरील तरुण कर्मचारी कंपनीचे धोरण ठरवीत नसतो, त्याच्यावर क्रोध करून आपल्याच मनात कषाय वाढतो. त्याच्याशी मृदू बोलावे, त्याच्याकडून जॉबशीट व्यवस्थित लिहवून घ्यावी आणि पुढील पत्रव्यवहार कंपनीशी शांतपणे करावा. जो लॅपटॉप खरोखर दुरुस्त होत नाही, तो भंगारात न टाकता अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावा. त्यातील विषारी धातूंनी जमीन व पाणी दूषित होऊन सूक्ष्म जीवांची विराधना होते.

या महिन्यात प्रत्येक घराने एक काम करावे. घरातील सर्व यंत्रांची बिले, वॉरंटीपत्रे आणि जॉबशीट एका फाइलमध्ये लावावीत व वॉरंटी संपण्याची तारीख प्रत्येकावर ठळक लिहावी. ती तारीख उलटण्यापूर्वी राहिलेली तक्रार लेखी नोंदवावी.