मालकाला न दिसणारी यादी

लिनक्सचं कौतुक करणारे आम्ही लोक एक वाक्य हमखास ऐकवतो : इथे तुमच्या संगणकाचे मालक तुम्हीच! मग लॉगिन केल्याबरोबर आपोआप काय काय सुरू होतं, याची पूर्ण यादी या मालकाला एका जागी का मिळत नाही?

उबुंटूत ‘स्टार्टअप अ‍ॅप्लिकेशन्स’ नावाची खिडकी आहे. माझ्या ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर ती उघडली की दोन-तीन नावं दिसतात. प्रत्यक्षात सिस्टिमच्या ‘ऑटोस्टार्ट’ फोल्डरमध्ये फायलींची रांग असते. त्यातल्या कित्येकींत ‘नोडिस्प्ले’ची ओळ घातलेली असते. म्हणजे काम कर, पण यादीत दिसू नकोस.

बरं, शोधून काढलं, आता बंद करा. फाइलची प्रत आपल्या होम फोल्डरमधल्या ‘ऑटोस्टार्ट’मध्ये आणायची आणि तिच्यात ‘हिडन’ची ओळ लिहायची. ही प्रत नको म्हणून पुसलीत, की पुढच्या लॉगिनला पाहुणा परत दारात. शिवाय काही गोष्टी इथे नसतातच, त्या सिस्टिमडीकडे असतात. तिथे सेवा ‘डिसेबल’ केली तरी दुसऱ्या प्रोग्रॅमने हाक मारली की ती उठते. तिला खरंच झोपवायचं तर ‘मास्क’ करा. हे शब्द नवख्याला कोण सांगणार?

जाणकार म्हणतात, नवख्यानं भलतंच बंद केलं तर डेस्कटॉप मोडेल. मोडेल ना! मग नावापुढे लाल अक्षरांत ‘गरजेचं’ असं लिहा. लपवता कशाला? ज्या विंडोजला आपण नावं ठेवतो, त्याच्या टास्क मॅनेजरमध्ये विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, स्टार्टअपचा वेगळा विभाग आहे. तिथलीही यादी पूर्ण नसते, पण कुणाचा भार किती, हे निदान लिहिलेलं असतं. मुक्त सॉफ्टवेअरच्या चार स्वातंत्र्यांतलं पहिलंच (त्याला ते शून्य क्रमांक देतात) प्रोग्रॅम हवा तसा चालवण्याचं. न चालवण्याची मुभा त्यात येत नाही का?

जुन्या संगणकावर लिनक्स टाका, हा सल्ला आपण अभ्यासिकांना, शाळांना, घरात एकच संगणक असलेल्या पोरांना देतो. रॅमची चणचण त्यांनाच आहे. मराठी माध्यमातल्या मुलीला टर्मिनल उघडून फायली दुरुस्त करायला लावणं ही कसली मालकी?

एकच खिडकी द्या. तीत दोन्हीकडची सगळी नावं, कुणी टाकलं, किती रॅम खातं, आणि समोर एक बटण. वर्णन मराठीत असलं तर फारच बरं.