जिंकण्याआधी तो कुणाचा होता?

पाडवा-भाऊबीज आटोपली की औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवर बांधाबांध सुरू होते. कुणी ऊसतोडीला निघतो, कुणी वीटभट्टीवर, कुणी हैदराबाद, पुणे नाहीतर मुंबईच्या बांधकामावर. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते; ती फेडल्याशिवाय पुढचा सण नाही. आमचा दिवाळी अंक वाचकांच्या हाती पडतो तो नेमका याच दिवसांत. त्यामुळे यंदाच्या अंकाचा विषय शोधायला लांब जावे लागले नाही. गाव सोडून गेलेली माणसे, हाच विषय. त्यातही संपादकीयासाठी आम्ही धावपटू निवडला. कारण उघड आहे. परमुलखातून आलेल्या गवंड्याचे, हमालाचे, तोडकऱ्याचे कुणी स्वागत करत नाही. पण परमुलखातून आलेला धावपटू शर्यत जिंकला की त्याच्यावर हक्क सांगायला सगळे धावतात.

सुरुवात जवळच्या माणसापासून करू. अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. लातूर ओलांडले की तो मुलूख फार परका वाटत नाही; दुष्काळ तोच, उचल तीच. आईवडील वीटभट्टीवर राबायचे. शाळा सहा किलोमीटरवर आणि जायला वाहन नाही, म्हणून पोरगा कधी चालत, कधी पळत जायचा. या पळण्याचे आता सगळ्यांना कौतुक आहे, पण त्या वेळी त्याच्याकडे खेळ म्हणून कुणी पाहिले नव्हते. बारावीनंतर तो लष्करात, महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये गेला. सियाचीनला नेमणूक झाली, मग राजस्थान, मग सिक्कीम. धावपटू म्हणून त्याची ओळख झाली ती २०१५च्या सुमारास, लष्कराच्या क्रॉसकंट्री शर्यतींत. पुढे वजन वाढले, ते उतरवले, आणि प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या हाताखाली तो स्टीपलचेसकडे वळला.

स्टीपलचेस म्हणजे तीन हजार मीटरची अडथळ्यांची शर्यत. अठ्ठावीस वेळा लाकडी अडथळा ओलांडायचा, सात वेळा पाण्यावरून उडी घ्यायची आणि भिजल्या बुटांनी पुढे धावायचे. २०१८ साली भुवनेश्वरला साबळेने गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. नंतर स्वतःचेच विक्रम तो इतक्या वेळा मोडत गेला की वर्तमानपत्रांनी त्याची मोठी बातमी करणे सोडले. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्य घेतले. सुवर्ण घेणारा केनियाचा अब्राहम किबिवोत त्याच्या पुढे होता तो फक्त पाच शतांश सेकंदांनी. १९९८ पासून या शर्यतीची तिन्ही पदके दर वेळी केनियाच नेत होता. ती रांग मांडव्याच्या पोराने मोडली. २०२३ साली हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी. या शर्यतीत तिथवर पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष.

हांगझोला त्याने पाच हजार मीटरमध्ये रौप्यही घेतले. सुवर्ण गेले बहारीनच्या बिऱ्हानू बालेवला, जो जन्माने इथिओपियाचा. तेव्हा आपल्याकडे पुष्कळ जणांनी नाक मुरडले, की पैसे मोजून आणलेला माणूस. ही तक्रार अगदीच खोटी नाही. आखाती देशांनी केनिया-इथिओपियाचे धावपटू सर्रास आपलेसे केले. स्टीफन चेरोनो २००३ साली कतारचा सैफ सईद शाहीन झाला आणि पुढच्याच वर्षी स्टीपलचेसचा जागतिक विक्रम कतारच्या नावावर लागला. हा व्यवहार इतका वाढला की २०१७ साली जागतिक ॲथलेटिक्स महासंघाला धावपटूंचा देशबदल गोठवावा लागला, आणि पुढच्या वर्षी नवे नियम आले: तीन वर्षांची प्रतीक्षा आणि वीस वर्षांखालील कुणालाही बदल नाही. आमच्या मते हे नियम योग्यच आहेत. पण आमचा राग त्या बाजारावर आहे, बालेववर नाही. पोटासाठी मुलूख सोडणाऱ्याला नावे ठेवायला आपण कोण? आपल्या निम्म्या घरांतला एक जण तरी दुसऱ्या राज्यात कमावतो आहे.

आता शंभर वर्षे मागे जाऊ. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींना अध्यक्ष म्हणून दोराबजी टाटा होते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत अनवाणी पळणारी, शेतकऱ्या-कष्टकऱ्यांची पोरे त्यांनी पाहिली. या पोरांना ऑलिंपिकला न्यायचे त्यांच्या मनाने घेतले आणि १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचा छोटासा संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा दारेप्पा चौगुले होते, सदाशिव दातार होते, कुमार नवले आणि रणधीर शिंदे हे मल्ल होते. बेळगाव त्या वेळी मुंबई इलाख्यात आणि मुंबई इलाखा इंग्रजांच्या राज्यात. म्हणजे चौगुले धावले ते इंग्लंडच्या राजाच्या साम्राज्यातला एक प्रजाजन म्हणून.

२२ ऑगस्ट १९२०, थंडी आणि पावसाची भुरभुर. त्या वर्षीची मॅरेथॉन नेहमीपेक्षाही लांब होती, पावणेत्रेचाळीस किलोमीटर. चौगुल्यांनी ती २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी केली आणि एकोणिसावा क्रमांक मिळवला. ज्या मुलखात बुटांनी पळण्याची सवयच नव्हती, तिथला माणूस युरोपच्या ओल्या रस्त्यावर जगातल्या पहिल्या विसांत येतो, याचे मोल आजही कुणी नीट केलेले नाही. आपल्या शाळांतल्या पोरांना त्यांचे नाव ठाऊक आहे का, हे ज्याचे त्याने आपल्या घरी विचारून पाहावे.

ती शर्यत जिंकली हान्नेस कोलेह्मायनेनने. दुसऱ्या आलेल्या एस्टोनियाच्या युरी लॉसमनपेक्षा तो जेमतेम तेरा सेकंद पुढे होता. हा कोलेह्मायनेन फिनलंडचा, धंद्याने गवंडी. १९१२ साली स्टॉकहोमला त्याने तीन सुवर्णपदके घेतली, पण फिनलंड तेव्हा रशियाच्या झारच्या ताब्यात, म्हणून त्याच्या विजयाला झेंडा वर गेला तो रशियाचा. त्यानंतर तो अमेरिकेला गेला. न्यूयॉर्कमध्ये विटा रचून पोट भरायचा आणि आयरिश-अमेरिकन क्लबकडून पळायचा. क्लब आयरिश, पळणारा फिनिश, देश तिसराच. परक्या माणसाला जागा दिली ती दुसऱ्या परक्यांनी, हे आमच्या ध्यानात राहिले. १९१७ साली फिनलंड स्वतंत्र झाला आणि तीन वर्षांनी अँटवर्पला त्याने आपल्या देशाच्या झेंड्याखाली मॅरेथॉन जिंकली. १९५२ साली हेलसिंकीला ऑलिंपिक भरले तेव्हा मनोऱ्यावरची ज्योत पेटवण्याचा मान याच गवंड्याला मिळाला.

विजेत्याच्या मागे अठरा मिनिटांनी बेळगावचे चौगुले आले. दोघांनीही परक्या सत्तेचा झेंडा पाहिलेला. एकाला पुढे हेलसिंकीचा मनोरा मिळाला. दुसऱ्याच्या गावाचे राज्य १९५६ साली बदलले आणि तेव्हापासून ते गाव कुणाचे यावर आपण भांडतो आहोत, पण त्या गावातून अँटवर्पला कोण गेले होते हे विसरलो आहोत.

हे लिहिताना आम्ही बिदरच्या बाजूने लिहितो आहोत, बेळगावच्या नाही, याचे भान आम्हाला आहे. आमचा इतिहास निराळा. १ नोव्हेंबर १९५६ला हैदराबाद राज्यातल्या जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात. उरलेले आम्ही म्हैसूर राज्यात. घरातून पाऊल बाहेर न टाकता लेकी परराज्यातल्या झाल्या, कचेरीची भाषा बदलली. आणि त्याच्याही आधी हा मुलूख बाहेरून आलेल्यांनीच घडवला. कल्याणला बसवण्णांच्या अनुभवमंटपात दूरदूरचे लोक आले. गुलबर्ग्याला ख्वाजा बंदेनवाज उतारवयात दिल्लीहून आले. बिदरला महमूद गवान आला तो इराणातल्या गिलानहून, व्यापारी म्हणून. तो बहामनी राज्याचा वजीर झाला आणि त्याने १४७२ साली बांधलेला मदरसा अर्धा पडला तरी आजही उभा आहे. पण दरबारात दखनी आणि आफाकी, म्हणजे इथले आणि बाहेरचे, असा झगडा होता. १४८१ साली एका बनावट पत्रावर विश्वास ठेवून सुलतानाने गवानचे डोके उडवले. बहामनी राज्य त्यानंतर सावरले नाही. आलेल्याला आपले म्हणण्याचे आणि त्याच आलेल्याचा गळा कापण्याचे, दोन्ही दाखले आम्हाला आमच्याच शहरात सापडतात. त्यासाठी लंडनला जायची गरज नाही.

तरी एकदा लंडनला जाऊ, कारण धावपटू मो फराची गोष्ट तिथली आहे. २०१२ आणि २०१६, दोन्ही ऑलिंपिकांत पाच हजार आणि दहा हजार मीटरची सुवर्णपदके. रिओला तर दहा हजारांत मधेच पडला, उठला आणि जिंकला. पुढे राजघराण्याने सर केले. आणि २०२२च्या जुलैत त्याने बीबीसीच्या माहितीपटात सांगितले की आपले खरे नाव हुसेन अब्दी काहीन. सोमालीलँडमध्ये जन्म, चार वर्षांचा असताना यादवीत वडील गेले, आणि नवव्या वर्षाच्या सुमारास एका बाईने दुसऱ्याच पोराच्या नावावर त्याला इंग्लंडला आणून घरकामाला जुंपले. शाळेत घातल्यावर त्याला इंग्रजी धड येत नव्हते. व्यायामाचे शिक्षक ॲलन वॉटकिन्सन यांनी पाहिले की हे पोर मैदानावर तेवढे मोकळे होते. त्यांनाच त्याने खरे सांगितले. त्यांनी त्याला त्या घरातून सोडवण्यासाठी खटपट केली आणि पुढे नागरिकत्वासाठीही कागद फिरवले. ते २००० साली मिळाले.

माहितीपटानंतर ब्रिटिश सरकारने जाहीर केले की खोट्या नावाने आल्याबद्दल त्याच्यावर कारवाई होणार नाही. बरे केले. पण चार सुवर्णपदके नसती, तो लंडनच्या कुठल्या हॉटेलात भांडी घासत असता, तर हीच घोषणा झाली असती का? आम्हाला शंका आहे. म्हणून या सगळ्या गोष्टीत आम्ही सरकारपेक्षा वॉटकिन्सनना मोठे मानतो. सरकारने विजेत्याला आपले म्हटले. मास्तरांनी एका मुक्या पोराला आपले म्हटले, तेव्हा पदक कुठेच नव्हते. दोराबजी टाटांचे, आयरिश क्लबचे, महार रेजिमेंटच्या पलटणीचे मोठेपणही तेच. धावपटू कर्नाटकचा की महाराष्ट्राचा, सोमालियाचा की इंग्लंडचा, हा वाद जिंकल्यानंतरचा आहे आणि आम्हाला त्यात रस उरलेला नाही.

जिंकण्याआधीची गोष्ट मात्र आपल्या हातातली आहे. आपल्या तालुक्यांतून पोरे आईबापांबरोबर भट्टीवर जातात, आणि दुसरीकडची पोरे आपल्या साखर कारखान्यांच्या फडांवर येतात. सहा महिने त्यांची शाळा सुटते. मुलगी असली तर बहुधा कायमची. आपण धरून चालतो की मधल्या महिन्यात, दाखल्याशिवाय, दुसऱ्या भाषेच्या पोराला शाळेत घेता येत नाही. हे खरे नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखला आला नाही म्हणून किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि वयाला योग्य त्या वर्गात बसवावे लागते. मराठी शाळेत कानडी पोर आले, कानडी शाळेत मराठी पोर आले, तर चार महिन्यांत ते दोन्ही बोलू लागते. सीमेवरच्या लोकांना हे नव्याने सांगायला नको.

या अंकात भट्टीवरच्या बायांच्या मुलाखती आहेत, हैदराबादेत तीन पिढ्या काढलेल्या मराठी घरांवरचा लेख आहे आणि कथा-कविता आहेत. वाचकांना आमची एकच विनंती: येत्या पंधरवड्यात तुमच्या गावाबाहेर भट्टी किंवा उसाची टोळी उतरली, तर एकदा तिथे जा, शाळेच्या वयाची किती पोरे आहेत ते बघा, आणि त्यांना घेऊन जवळच्या शाळेत मुख्याध्यापकांपुढे उभे राहा. नाही म्हणाले तर कायद्याचे नाव सांगा, आणि तरीही नाही म्हणाले तर आम्हाला कळवा. पुढच्या अंकात आम्ही ते छापू.