सेफ्टींच्या निवडीत घड्याळाचाच बोलबाला

लास वेगास येथे २८ एप्रिलपासून झालेल्या एनएफएलच्या २०२२ च्या ड्राफ्टमध्ये बचावाच्या अखेरच्या फळीतील ‘सेफ्टी’ या स्थानासाठी नोटर डेम विद्यापीठाचा काईल हॅमिल्टन सर्वांत सरस ठरत होता. मात्र ४० यार्डांच्या धावेत त्याला ४.५९ सेकंद लागले. जॉर्जियाच्या लुईस सीनने ४.३७, तर मिशिगनच्या डॅक्स हिलने ४.३८ सेकंद घेतले. निवडीच्या क्रमांकावरच पहिल्या कराराची रक्कम ठरत असल्याने हा फरक लाखो डॉलरचा ठरू शकत होता. तरीही एवढ्यावरून हॅमिल्टनला खाली ढकलणे घाईचे ठरले असते. सहा फूट चार इंच उंची आणि महाविद्यालयीन कारकिर्दीतील आठ इंटरसेप्शन घड्याळात दिसत नाहीत. गुडघ्याच्या दुखापतीमुळे हुकलेला २०२१ च्या मोसमाचा उत्तरार्ध, ही शंका अधिक रास्त. सीनचे टॅकल जबर. हिल मिशिगनमध्ये स्लॉट कॉर्नरबॅकचीही जागा सांभाळत असे आणि पासवर भिस्त असलेल्या आजच्या खेळात तेच अधिक मोलाचे.