नुसता माळ?

मार्केट यार्डात माझे चुलते हमाली करतात. आजोबा 1972 च्या दुष्काळात गाव सोडून पुण्याला आले आणि पोत्याखाली पाठ दिली. तोच धंदा पुढे चुलत्यांनी चालवला. सुटीच्या दिवशी पहाटे मीही गुलटेकडीला जातो व एका गाळ्यावर शेतकऱ्यांच्या पट्ट्या लिहून देतो.

एकदा तिथल्या एका आडत्याने विचारले, "गाव कोणतं रे तुझं?" मी सांगितले, "बारामती तालुका, सुप्याकडची वाडी." तो हसला. "तिकडं काय आहे? नुसता माळ!" मी गप्प बसलो, पण तो 'नुसता' शब्द मनातून जाईना.

मित्रहो, आमची वाडी चाळीस उंबऱ्यांची. तालुक्याच्या एका अंगाला नीरेच्या कालव्यावर ऊस डोलतो. आमच्या अंगाला सह्याद्रीने अडवून उरलेला पाऊस, थोडी बाजरी, हुलगा, मटकी आणि बाकी सारे गवत. त्या गवतावर मेंढरे जगतात, मेंढरांवर माणसे. धनगरांचे वाडे दिवाळीनंतर कोकणाकडे उतरतात आणि पावसाच्या तोंडाला परततात. वाटेत ज्याच्या रानात मेंढरे बसतात त्याला खत मिळते, धनगराला धान्य मिळते. चिंकारा आणि लांडगाही याच माळाचे. 1997 साली सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य झाले, पण ते जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे. त्याबाहेरचा माळ कागदावर बहुधा 'पडीक'च राहिला.

हा शब्द आला कोठून? इंग्रजांना जमिनीचा सारा हवा होता. ज्या जमिनीतून सारा निघेना ती त्यांच्या लेखी ओसाड. इंग्रज गेले, पण त्यांचा शब्द आपण जपून ठेवला. आणि एकदा पडीक म्हटले की तिथे प्लॉट पाडा, कारखाना काढा, काहीही करा, विचारणार कोण?

दुसऱ्याला दोष देण्याआधी मी स्वतःकडेच पाहतो. गेल्या वर्षी शिबिरात आपण एका माळावर मोठ्या उत्साहाने खड्डे खणून रोपे लावली. फोटो काढले, भाषणे झाली. एक म्हातारा मेंढका दूर उभा राहून पाहत होता. त्याने एवढेच विचारले, "पोरांनो, आता मेंढरं कुठं न्यायची?" झाडांची दाट सावली पडली की गवत मागे हटते, हे त्याला ठाऊक होते. आम्हा पदवीच्या विद्यार्थ्यांना नव्हते!

अमेरिकेत 1862 च्या कायद्याने गवताळ प्रदेशात माणशी 160 एकर जमीन वाटली गेली. गवत नांगरले गेले. 1930 नंतरच्या दुष्काळात तीच माती वादळ होऊन उडाली, कुटुंबेच्या कुटुंबे देशोधडीला लागली. माती गवताच्या मुळांनी धरून ठेवली होती, हे उशिरा कळले.

माळावर सारे सुखच आहे, असे मी म्हणणार नाही. तसे असते तर आजोबांनी पोती का उचलली असती? वाडीला पाणी हवे, शाळा हवी, दवाखाना हवा. पण त्यासाठी माळ पुसून टाकण्याची गरज नाही.

पुढच्या शिबिराला कुदळी उचलण्यापूर्वी आपण त्या मेंढक्याला विचारावे, एवढीच माझी प्राध्यापकांना व मित्रांना विनंती आहे. आणि त्या आडत्याने पुन्हा विचारले, तर मी या वेळी गप्प बसणार नाही.