धानाच्या तालुक्यात बी-2

ओठांच्या कोपऱ्यांना चिरा पडतात, जिभेची आग होते, तिखट सोसत नाही. मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्सची गोळी येते आणि दुसऱ्या दिवशी लघवी पिवळीधमक होते. काविळीच्या भीतीने विचारायला येणारे लोक मला नेहमी भेटतात. तो रंग रायबोफ्लेविनचा, म्हणजे बी-2 जीवनसत्त्वाचा; त्या चिरा आणि जिभेची आगही बऱ्याचदा याच्याच कमतरतेने होते. शरीर गरजेपुरतं घेतं आणि उरलेलं बाहेर टाकतं. याचा साठा फारसा होत नाही, त्यामुळे ते रोजच्या रोज पोटात जावं लागतं.

आता रामटेकचं ताट बघा. पेंच आणि खिंडसीच्या पाण्यावर धान पिकवणारा हा तालुका, इथे भाताशिवाय जेवण झाल्यासारखं वाटत नाही. पण शंभर ग्रॅम पांढऱ्या तांदळात बी-2 असतं जेमतेम 0.05 मिलिग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे बैठं काम करणाऱ्या बाईलाही दिवसाला 1.9 मिलिग्रॅम लागतं. रोवणीच्या चिखलात दिवसभर वाकणारीला त्याहून जास्त. तिने अर्धा किलो तांदूळ शिजवून खाल्ला, तरी हाती लागतं पाव मिलिग्रॅम.

मिलचा पॉलिश केलेला तांदूळ सोडून हातसडीचा खा, असं कुणी म्हणेल. 1934 नंतर वर्ध्याच्या मगनवाडीतून गांधीजींनी आणि जे. सी. कुमारप्पांनी हेच कळकळीने सांगितलं आणि ते बरोबरच होतं, कारण कोंड्याबरोबर बी-1 मोठ्या प्रमाणात जातं. बी-2 ची गोष्ट वेगळी. कोंड्यासकटच्या दाण्यातही ते थोडंच असतं. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

पोषणयुक्त (फोर्टिफाइड) तांदळात लोह, फोलिक आम्ल आणि बी-12 घालणं बंधनकारक आहे. बी-2 मात्र ऐच्छिक यादीत ठेवलेलं आहे. मला हे खटकतं. साठवलेलं लोह रक्तासाठी वापरात आणायला शरीराला बी-2 ची मदत लागते, फोलिक आम्ल आणि बी-6 यांच्या कामालाही ते लागतं. आपल्या बायापोरींच्या अंगात रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या वाटायच्या आणि त्या लोहाचा हा सोबती विसरायचा, हे अर्धवट काम झालं.

मग ते मिळवायचं कुठून? दुधातून, ताकातून, अंड्यातून, बकऱ्याच्या कलेजीतून, मुनग्याच्या (शेवग्याच्या) पाल्यातून. मुनगा तर अंगणात उभा असतो. शेंगा वरणात पडतात आणि पाला झाडावरच राहतो. ग्लासभर दुधात साधारण 0.35 मिलिग्रॅम असतं, पण त्याला उजेड सोसत नाही. पारदर्शक बाटलीत दूध उन्हात ठेवलं, तर दोनेक तासांत निम्म्याच्या आसपास बी-2 नासतं. उकळल्याने तेवढं नुकसान होत नाही. दूध झाकलेल्या स्टीलच्या भांड्यातच ठेवावं. ते फाटलं, तर वरचं हिरवट-पिवळं पाणी मोरीत ओतू नये, त्यात कणीक भिजवावी. तो रंगही याच जीवनसत्त्वाचा.

एका अंड्यात सुमारे 0.2 मिलिग्रॅम. 2023 च्या नोव्हेंबरात राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं; 2025 च्या जानेवारीत त्याचा निधी थांबवला. भातावर वाढणाऱ्या मुलांच्या ताटातून अंडं काढून घेणं मला अजिबात मान्य नाही. ते परत यायला हवं, त्यासाठी पालकांनी शाळेच्या समितीत बोलायला हवं.

घरात मात्र आजपासून एक करता येईल. दूध विकलं, लोणी कढवून तूप विकलं, तरी ताक विकू नका. बी-2 पाण्यात विरघळणारं आहे. लोणी निघालं तरी ते ताकातच राहतं.