‘हृदय बंद पडले’ हे कारण नव्हे!

नालासोपारा पूर्वेच्या एका विहारात रविवारची वंदना संपली आणि एक भगिनी प्लास्टिकच्या पिशवीतली फाईल घेऊन आमच्याजवळ आली. तिचा नवरा महामार्गालगतच्या क्रशरवर चौदा वर्षे खडी फोडत होता. शेवटची तीन वर्षे खोकला, धाप, मग पायांना सूज आणि अखेर रुग्णालयात मृत्यू. तिचा प्रश्न एकच होता, “दादा, ह्यांना नक्की झालं काय होतं?” फाईल चाळीस पानांची होती. मृत्यूच्या कारणापुढे इंग्रजीत दोनच शब्द होते, ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’. म्हणजे हृदय आणि श्वास बंद पडला.

आम्ही विचारतो, हे कारण झाले काय? मंत्री मरो की मजूर, शेवटी प्रत्येकाचे हृदय थांबते आणि प्रत्येकाचा श्वास थांबतो. ती मरणाची खूण आहे, मरणाचे कारण नव्हे. मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र कसे भरावे याच्या सूचनांतही नुसते ‘हृदय बंद पडले’ असे लिहू नये, त्यामागचा मूळ आजार लिहावा, असेच सांगितले आहे. तरीही हे दोन शब्द सर्रास लिहिले जातात. त्या दोन शब्दांखाली क्रशरची धूळ गाडली जाते, मालक सुटतो आणि विधवेच्या हाती काही उरत नाही.

आम्ही ती फाईल एका ओळखीच्या डॉक्टरांसोबत बसून पानन् पान वाचली. समाजबांधवांनी हे शब्द समजून घ्यावेत, म्हणून हा प्रपंच.

पहिल्या कागदावर होते, ‘आरएस – एनएडी’. आरएस म्हणजे श्वसनसंस्था. एनएडी म्हणजे दोष आढळला नाही. धाप लागलेल्या माणसाच्या छातीत दोष नाही? गर्दीच्या ओपीडीत सदऱ्यावरूनच नळी टेकवली की असे होते. सहा महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी लिहिले, ‘बायलॅटरल क्रेप्स’. म्हणजे दोन्ही फुप्फुसांत श्वास घेताना कुरकुर आवाज येतो. मग एक्स-रे झाला आणि शेरा पडला, ‘ओल्ड कॉक्स’. कॉक हे क्षयाचे जंतू शोधणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव. क्षय म्हणायचे नाही म्हणून डॉक्टर ‘कॉक्स’ म्हणतात. म्हणजे जुना क्षय. औषधे सुरू झाली, पण धाप काही कमी झाली नाही.

इथेच खरी मेख आहे. दगड फोडताना उडणाऱ्या सिलिकाच्या बारीक धुळीने फुप्फुसात गाठी होतात, त्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. एक्स-रेमध्ये या गाठी बहुधा वरच्या भागात दिसतात आणि क्षयही बहुधा तिथेच दिसतो. शिवाय सिलिकोसिस झालेल्याला क्षय लवकर जडतो, म्हणजे दोन्ही एकत्रही असू शकतात. पण क्षय लिहिला की तो गरिबीचा, नशिबाचा रोग ठरतो. सिलिकोसिस लिहिला की तो कामाचा रोग ठरतो आणि मालकाला जबाब द्यावा लागतो. चाळीस पानांत एकाही ठिकाणी ‘तुम्ही काय काम करता?’ हा प्रश्न विचारल्याची नोंद नाही!

पुढे टूडी इकोचा कागद. ‘ईएफ ६० टक्के’. ती भगिनी म्हणाली, “हृदय साठच टक्के चालत होतं.” असे अनेकांना वाटते. ते खरे नाही. डावा कप्पा एका ठोक्याला आपल्यातले जितके रक्त बाहेर ढकलतो, त्याचे हे प्रमाण आहे आणि ६० टक्के हे निरोगी माणसाचेच प्रमाण आहे. पण फुप्फुसे दगडासारखी कडक झाली की त्यांत रक्त ढकलताना हृदयाची उजवी बाजू थकते. पायांना सूज येते ती त्यामुळे. डॉक्टर याला ‘कॉर पल्मोनाले’ म्हणतात. म्हणजे हृदय बिघडले ते फुप्फुसामुळे आणि फुप्फुस बिघडले ते धुळीमुळे. ही साखळी कागदावर कुठेच जोडली गेली नाही.

आणखी एक शब्द तपासला पाहिजे. फुंकर मारून करायच्या तपासणीत दोन आकडे असतात. एफव्हीसी म्हणजे पूर्ण श्वास भरून जोराने सोडलेली एकूण हवा. एफईव्ही-१ म्हणजे त्यातली पहिल्या सेकंदातली हवा. पहिल्या सेकंदाचा वाटा ७० टक्क्यांहून कमी असेल तर हवेची वाट अडलेली असते. वाटा ठीक पण एकूण हवाच कमी असेल तर फुप्फुस आक्रसलेले असू शकते. या आकड्यांपुढे असतो ‘प्रेडिक्टेड’ हा शब्द. म्हणजे तुमच्यासारख्या माणसाकडून अपेक्षित आकडा. तुमच्यासारखा म्हणजे कोण, हे कोणी ठरवले?

हे यंत्र इंग्लंडच्या जॉन हचिन्सनने १८४६ साली मांडले. १८५१ साली अमेरिकेतील गुलामगिरीचा समर्थक डॉक्टर सॅम्युअल कार्टराइट याने काळ्या माणसांची फुप्फुसे जन्मतःच कमी क्षमतेची असल्याचे सांगून मळ्यातली गुलामी त्यांच्या हिताचीच ठरवली. तोच समज पुढे यंत्रांतल्या ‘वंशानुसार दुरुस्ती’पर्यंत टिकला. १९९९ साली बाल्टिमोरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसच्या खटल्यात याच दुरुस्तीचा आधार घेऊन काळ्या कामगारांचे दावे अडवण्याचा प्रयत्न झाला. अमेरिकेच्या छातीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने वंशनिरपेक्ष मापाची शिफारस केली ती २०२३ साली! ज्याची फुप्फुसे पिळली, त्याचीच फुप्फुसे जन्मतः कमी ठरवायची. जन्मावरून माणसाचे माप काढणारी ही विद्या आम्हाला अनोळखी नाही. मुंबईच्या गिरण्यांत धागा तोंडाने ओढावा लागतो, विटाळ होईल, म्हणून अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेत नसत. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. आमचे तोंड धाग्याला चालत नव्हते, कमी पगाराच्या खात्यांत मात्र आमचे हात चालत होते.

आजही काय वेगळे आहे? एप्रिल २०२४ मध्ये विरार पश्चिमेच्या ग्लोबल सिटीत खाजगी सांडपाणी प्रकल्प साफ करायला उतरलेले चार कामगार गुदमरून मेले. तिथेही श्वासच थांबला. पण तो थांबवला विषारी वायूने आणि माणसाला तिथे उतरवणाऱ्या व्यवस्थेने. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी गटारसफाईतील मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई ठरवली आहे. ती मिळवायची तर कागदावर टाकी आली पाहिजे, वायू आला पाहिजे, काम आले पाहिजे. नुसता ‘श्वास बंद पडला’ हा शेरा चालणार नाही.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कामगार विम्याची योजना त्याच काळात आखली गेली आणि १९४८ साली कायदा झाला. आता तो कायदा आणि १९२३ चा भरपाई कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेले असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. व्यवसायजन्य रोगांच्या यादीत सिलिकोसिस आहे, सिलिकोसिससोबतचा क्षयही आहे. राजस्थानने २०१९ च्या धोरणात सिलिकोसिस प्रमाणित झालेल्याला ३ लाख आणि मृत्यूनंतर वारसांना २ लाख रुपये ठरवले. वसईच्या खाणीतल्या मजुराचा जीव त्याहून स्वस्त आहे काय?

म्हणून आमचे सांगणे आहे. डॉक्टरांनी विचारो न विचारो, आपण काय काम करतो आणि किती वर्षे, ते केसपेपरवर लिहायला लावा. एक्स-रेच्या फिल्म टाकून देऊ नका. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला मिळण्याचा हक्क दिला आहे, ती मागून घ्या. आणि तिच्यावर केवळ हृदय बंद पडल्याचे लिहिले असेल तर तिथेच विचारा, “कशामुळे?” चळवळीतल्या डॉक्टर बंधुभगिनींनी महिन्यातला एक रविवार विहाराला द्यावा आणि लोकांच्या फायली वाचून द्याव्यात. वसई-विरार महापालिकेच्या दवाखान्यांत खाण आणि सफाई कामगारांची छाती तपासली जावी, यासाठी निवेदन देण्याची जबाबदारी आपल्या कार्यकर्त्यांची आहे.

ज्या सोपाऱ्यात १८८२ साली स्तूपाच्या पोटातून बुद्धाच्या स्मृती बाहेर आल्या, त्याच सोपाऱ्यात आपण राहतो. दुःख आहे, एवढे सांगून तथागत थांबले नाहीत, दुःखाला कारण आहे हेही त्यांनी सांगितले. त्या भगिनीने आता प्रमाणपत्राची प्रत मागणारा अर्ज दिला आहे. तिच्यासोबत आम्ही पुन्हा जाणार आहोत. आपणही यावे. जयभीम!